हायब्रीड राखणदार

संकराशिवाय मराठवाड्याला तरणोपाय नाही, असं दूध संस्थेचे चेअरमन सुंदरराव यांनी सर्वसाधारण सभेत जाहीर केलं. ज्वारी हायब्रीड झाली, गाय संकरित झाली. आता चारा छावणीची राखण लांडगा आणि गावठी कुत्री यांचा संकर करील. तो संकर त्या वेळी टेबलाखाली बसून त्यांची चप्पल खात होता.

सरदार त्याचं नाव. तो भुंकायचा नाही. ‘बस’ म्हटलं की सुंदररावांच्या खांद्यावरून डोंगराकडं बघायचा. दोरखंड त्यानं खाल्ला, साखळी लावली तर खुंटा उपटला, आणि परका माणूस दिसला की सुंदररावांच्याच मागं लपायचा. तेही चाललं असतं. पण त्याचा वास आला की छावणीतल्या म्हशी दावी तोडायच्या आणि पान्हा चोरायच्या. ऐन दुष्काळात संस्थेचं दूध निम्म्यावर आलं. वैतागून सुंदररावांनी त्याला घरी नेलं, तर तो त्यांच्या अंथरुणात झोपू लागला. म्हशी बिथरायच्या काही थांबेनात.

शेवटी छावणीत म्हशी बांधलेल्या आश्रुबाला पुढं घालून संस्थेचे सभासद घरी आले. खुर्ची गेली, हे सुंदररावांनी ओळखलं.

“राजीनामा मागायला आलात ना? घ्या. सहकारासाठी उभा जन्म झिजवला, आता खुर्चीचा मोह नाही.”

“राजीनामा कावून, चेअरमन?” आश्रुबा म्हणाला. “पर म्हशी आता तुमाला बघून बी बिथरायल्यात. टँकर आला की आमी सगळे मिळून बादलीभर पाणी देतो. छावणीत येताना तेवढी आंघोळ करून या.”