माझी उतरती किंमत

मित्रांनो, मी पीठ मळायची एक जुनी मशीन आहे. सध्या भंगारवाल्याच्या आवारात एका मोडक्या शिडीशेजारी आडवी पडून आहे. माझे भांडे कधीच निखळले, मोटर कोणीतरी काढून नेली आणि अंगावरच्या पांढऱ्या रंगाचे पोपडे उडाले. लवकरच मला वितळवायला पाठवतील. त्याआधी माझी हकीकत सांगून टाकावी म्हणते. ज्या दोघांनी ती वेळेवर ऐकायला हवी होती, त्यांनी ऐकली नाही. तुम्ही तरी ऐका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पोटात दातेरी चाके बसवली, वाकडा पोलादी हात जोडला आणि मला लाकडी खोक्यात घालून एका बेकरीत पाठवले. बेकरी दोघा भावांची होती. तोवर ते दोघे हातानेच पीठ मळत, त्यामुळे त्यांचे खांदे भरून येत. त्यांनी बँकेचे कर्ज काढून मला आणले. पहिल्या सकाळी पोतेभर मैदा मी बघता बघता मळून दिला, तेव्हा धाकट्या भावाने तोंडात बोट घातले. थोरल्याने ओल्या फडक्याने माझे अंग पुसले आणि तो म्हणाला, "ही मशीन नाही, आपलं तिसरं भावंड आहे." एवढे कौतुक ऐकून मी तर हवेतच गेले.

बेकरीचा हिशेब थोरल्याची बायको लिहीत असे. सगळा बाजार तिला वहिनीच म्हणायचा. ती माझ्या समोरच्या टेबलाशी बसे, चष्मा नाकावर आणि पेन कानावर. तिचे बोलणे मात्र कोणी फारसे मनावर घेत नसे, कारण त्या दोघा भावांची एक जुनी रीत होती. संध्याकाळी गल्ला टेबलावर उपडा करायचा. मैद्याचे, लाकडाचे आणि कामगारांचे पैसे बाजूला काढायचे. उरलेल्या नोटांचे थोरल्याने न मोजता, नुसत्या अंदाजाने दोन ढीग करायचे आणि धाकट्याने त्यातला कुठलाही एक उचलायचा. कधी कुरबूर नाही, कधी रुसवा नाही. "आमच्यात मोजामोजी नसते," असे दोघे छाती फुगवून सांगत. मलाही ते फार आवडायचे.

वहिनी मात्र मधेच खोडा घालायची. एका शाळेने महिनाभराच्या पावांचे पैसे आधीच आणून दिले, त्या संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, ते ढिगात टाकू नका. पाव अजून भाजलेसुद्धा नाहीत. हे पैसे आपली कमाई नाही, आपल्यावरचं देणं आहे."

"गल्ल्यात आले ना? मग आपलेच," थोरला म्हणाला.

मुलांचे बूट, घरातला पंखा, पाहुण्यांची मिठाई, सगळे त्याच गल्ल्यातून जाई. दुकान वेगळे आणि आपण वेगळे, दुकानाचे पैसे घरासाठी घेतले तर ते उचल म्हणून लिहावे लागतात, हे वहिनी परोपरीने सांगे. "आल्या आमच्या हेडमास्तरीणबाई," असे म्हणून थोरला हसे. धाकटाही हसे आणि तेवढ्यापुरते मान हलवून वहिनीची समजूत काढी.

वहिनीवर माझा स्वतःचाही राग होता. त्याचे कारण सांगते. दरवर्षी ताळेबंद मांडताना ती माझी किंमत कमी करायची. मला घेतले तेव्हाच्या किमतीचा दहावा हिस्सा ती खर्चात टाकी आणि माझ्या नावापुढे उरलेली रक्कम लिही. त्याला ती घसारा म्हणे. मी पहिल्या दिवसासारखीच राबत होते, एक दिवस खाडा केला नव्हता, आणि ही बाई मला दरसाल उतरवून लिहीत होती! मला तो धडधडीत अपमान वाटे.

ज्या वर्षी माझे कर्ज फिटले, त्या वर्षी थोरल्याने पेढे नाही तरी गरम पाव सगळ्या गल्लीत वाटले. "आता मशीन फुकटात काम करणार," तो म्हणाला.

"फुकटात कशी?" वहिनीने विचारले. "ती रोज झिजतेय. प्रत्येक पावाबरोबर तिचा थोडा थोडा अंश आपण विकतोय. तेवढा खर्च आधी धरा आणि मग उरेल तो फायदा. तेवढे पैसे वाटले गेले नाहीत तर दुकानातच राहतील. उद्या नवी घ्यायची वेळ आली तर हात पसरावे लागणार नाहीत."

"मशीन धडधाकट उभी आहे आणि तू तिच्या तेराव्याची तयारी करतेस," थोरला म्हणाला. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मी नेहमीपेक्षा जोरात घरघरले. ती थाप आठवली की आजही मला वाईट वाटते.

पुढे धाकट्याच्या मनात स्वतःची बेकरी काढायचे आले. भांडण काहीच नव्हते. शहराच्या दुसऱ्या टोकाला जागा मिळत होती, मुलेही मोठी होत होती. त्याने चाचरत विषय काढला आणि थोरल्याने त्याला पुढे बोलूच दिले नाही. "जा, खुशाल जा. तुझा निम्मा वाटा रोख देतो."

वाट्यासाठी प्रत्येक वस्तूची किंमत धरायची होती. ओव्हनची झाली, कपाटांची झाली, मग माझी पाळी आली. थोरला म्हणाला, "आज नवी घ्यायला गेलं तर दुप्पट पडेल. निदान घेतली तेव्हाची किंमत तरी धरायलाच हवी."

वहिनी उठून उभी राहिली. "अहो, नव्या मशीनचा भाव जुनीला लावू नका. आठ वर्षं झाली. वहीत पाचवा हिस्सा उरलाय फक्त."

"माझ्या पाठच्या भावाला मी वजाबाकी करून वाटा देऊ?" थोरल्याचा आवाज चढला.

"वहिनी, मी काही मागितलेलं नाही," धाकटा अवघडून म्हणाला. "दादा देईल ते मला मान्य आहे."

शब्दाखातर थोरल्याने दुकान गहाण ठेवले, पुन्हा कर्ज काढले आणि माझी पूर्ण किंमत धरून भावाचा निम्मा वाटा त्याच्या हातावर ठेवला. दोघांचेही डोळे भरून आले होते. मला तर त्या दिवशी धन्य वाटले. थोरल्याच्या लेखी मी अजून नवीच होते!

वर्ष उलटायच्या आत माझ्या पोटातल्या मोठ्या चाकाचे दाते तुटले. कारागिराने आत हात घालून बघितले आणि डोके हलवले. "हे चाक आता मिळत नाही. ही मशीन बनवणंच बंद झालंय." नव्या मशीनसाठी थोरला बँकेत गेला, तर बँकेने आधीचे हप्ते थकल्याचे दाखवले. गल्ल्यात तर काहीच नव्हते. शेवटी त्याने धाकट्याला बोलावून घेतले.

"दादा, सगळे पैसे मी नव्या ओव्हनमधे घातले," धाकटा म्हणाला. "आत्ता हातात काही नाही रे."

थोरला मग नको ते बोलला. "तुला माहीत होतं. मशीन खिळखिळी झालीये हे ओळखून बरोबर वेळेवर निघालास तू."

"किंमत तू लावलीस, दादा! मी तोंड तरी उघडलं होतं का?"

वहिनीने वही आणून दोघांच्या मधे उघडी ठेवली. "इथे बघा. कोणी कोणाला फसवलेलं नाही. ही मशीन तुम्ही दोघांनी मिळून संपवलीत. रोज संध्याकाळी निम्मी निम्मी वाटून खाल्लीत. मी दरवर्षी लिहीत होते."

दोघांनीही वहीकडे पाहिले नाही. धाकटा चपला घालून निघून गेला. पुन्हा त्या उंबऱ्यात त्याचे पाऊल पडले नाही.

तेव्हा माझ्या लोखंडी डोक्यात प्रकाश पडला. मला नवी नवी म्हणणाऱ्याने माझे दाते कधी तपासले नव्हते. मी म्हातारी होत चालले आहे, हे त्या घरात एकाच माणसाला दिसत होते आणि तिच्यावरच मी वर्षानुवर्षे दात धरून बसले होते.

बेकरी गेली. थोरला आता दुसऱ्याच्या बेकरीत पगारावर पाव भाजतो. मला न्यायला भंगारवाला आला, त्या दिवशी रिकाम्या दुकानात नवरा-बायको दोघेच होते. तेवढ्यात वहिनीचा फोन वाजला. दुकानात सामान उरले नव्हते, त्यामुळे पलीकडचा आवाज मलासुद्धा स्वच्छ ऐकू आला.

"वहिनी, नव्या ओव्हनचा घसारा कसा काढायचा हो? वर्षअखेर आलीये. मला नीट समजून घ्यायचंय."

वहिनीने सगळे सावकाश सांगितले. किती वर्षे चालेल ते आधी ठरवा, मोडीत काय येईल ते वजा करा, उरलेली रक्कम त्या वर्षांवर वाटा, आणि फायदा वाटायच्या आधी तेवढा खर्च धरा. दुकानातून घरी काय नेता तेही लिहीत जा. धाकटा प्रत्येक वाक्याला "हं, हं" म्हणत होता. थोरला माझ्याजवळ उभा होता, मान खाली घालून. भावाचा आवाज तो तब्बल वर्षाने ऐकत होता.

सांगून झाल्यावर वहिनीने फोन थोरल्यापुढे धरला. "भावोजी आहेत. बोला ना."

पलीकडे धाकटाही गप्प झाला. त्याने फोन ठेवला नव्हता, त्याचा श्वास ऐकू येत होता. थोरल्याने हात पुढे केला, मग मागे घेतला आणि फडके उचलून माझे अंग पुसू लागला. थोड्या वेळाने फोन बंद झाला.

मित्रांनो, हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे त्या दोघांना वाटत होते. तुम्ही तसे समजू नका. काय आपले, काय दुसऱ्याचे, काय उरले आणि काय झिजले, हे एकमेकांवर जीव आहे तोवरच लिहून ठेवा आणि दोघांनी मिळून वाचा. माझ्या जागी दुसरी मशीन आली असती. त्या दिवशी फोनवर जे दोघे गप्प राहिले, त्यांच्यासाठी मात्र मला काहीच करता आले नाही.