तुळशीदास मेस्त्रींचा ओळंबा इटलीला जातो

मित्रांनो, मी एक जुना ओळंबा आहे. जुना आहे, निकामी नाही. एवढं आधी सांगून ठेवतो, कारण मला पाहिलं की लोक 'अरेरे' म्हणतात, आणि ते मला आवडत नाही.

तुमच्यातल्या पुष्कळांनी ओळंबा पाहिलाही नसेल. दोरीच्या टोकाला बांधलेलं पितळेचं वजन, वर गोल आणि खाली टोकदार, ते म्हणजे मी. भिंतीसमोर मला धरलं की भिंत सरळ उभी आहे की झुकली आहे ते कळतं. भिंत गरिबाची असो की अमिराची, माझं उत्तर बदलत नाही.

माझा जन्म कुडाळच्या एका लेथवर झाला. सखाराम मेस्त्रींनी जुन्या समईचं पितळ देऊन मला बनवून घेतलं. त्यांनी माझ्या जोरावर चिऱ्याची घरं बांधली, दोन शाळा बांधल्या आणि खाडीकाठच्या एका चर्चची ढासळलेली भिंत पुन्हा उभी केली. त्यांच्यामागून मी त्यांचा मुलगा तुळशीदास याच्या हातात आलो आणि त्याच्याबरोबर कुवेतला आलो. या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं झाली.

तुळशीदास संगमरवर बसवणारा कारागीर. शहराबाहेर अम्गराच्या कारखान्यात दगड कापला जायचा आणि तुळशीदास तो शहरभर जाऊन बसवायचा. सबाह अल-सालेम या वस्तीतली कितीतरी घरं, दवाखाने, मशिदींच्या ओट्या-पायऱ्यांची कामं आम्ही दोघांनी केली. लोक कामावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "जेन, जेन." म्हणजे छान. तेव्हा माझी दोरी दर दोन महिन्यांनी बदलली जायची.

मग लेझरचं यंत्र आलं. तिपाईवर ठेवायचं, बटण दाबायचं, की भिंतीवर लाल रेघ उमटते. मी पिशवीच्या तळाशी गेलो. माझ्यावर सिमेंटची भुकटी बसली, दोरी कुजली. एकदा कोणीतरी माझा उपयोग पडदा खाली ओढून धरायला केला. तो अपमान मी विसरलो नाही.

गेल्या वर्षी कुवेत शहरातल्या दस्मान भागात एक काम निघालं. घराच्या मालकांना सगळे अबू फहद म्हणत. त्यांना अंगणात पाहुण्यांच्या बैठकीसाठी दिवाणिया बांधायचा होता. ते इटलीला जाऊन आले होते. तिथे जुन्या चर्चच्या शेजारी आठ कोनांची वेगळी इमारत असते. तिच्यात बाळांना पाणी शिंपडून बाप्तिस्मा देत. बाहेरून पांढऱ्या आणि हिरव्या दगडाचे पट्टे. अबू फहदना आपला दिवाणिया तसाच पट्ट्यांचा, आठ कोनांचा हवा होता.

इंजिनिअर होता नीरज, पुण्याचा, तिशीतला, हुशार. त्याने फोटो दाखवले. तुळशीदास बराच वेळ फोटो बघत राहिला आणि म्हणाला, "साहेब, कोपऱ्यावर दगड कसो वळवलेलो हा? फोटोत दिसत नाय."

"कडा तिरक्या कापायच्या आणि दोन फरशा कोपऱ्यावर चिकटवायच्या. मशीन कापेल."

"पातळ कड ऱ्हवाची नाय. धक्को लागलो की उडतली. आणि शेकडो वर्सां उभी असलेली इमारत अशी चिकटवलेली नसतली."

नीरज हसला. वाईट मनाने नाही, पण हसला. "मेस्त्री, मी फ्लॉरेन्सला जाऊन आलोय. तुम्ही गेलाय कधी?"

आजूबाजूचे चार कामगारही हसले. तुळशीदासने फोटो परत दिला.

"नाय गेलंय," तो म्हणाला. "पण जातलंय."

मित्रांनो, रागाच्या भरात माणसं बरंच काही बोलतात आणि जेवण होईपर्यंत विसरतात. तुळशीदास विसरला नाही. त्याची दोन महिन्यांची सुट्टी साठली होती. त्यातले बारा दिवस त्याने इटलीसाठी काढले. मुक्ताताई नावाच्या नर्सबाई सबाह अल-सालेमला राहत. त्यांच्या स्वयंपाकघराचा ओटा त्याने बसवला होता. त्यांनी व्हिसाचे कागद भरून दिले आणि विचारलं, "तुळशीदासभाऊ, तिथं जाऊन नक्की काय बघणार?"

"कोपरे," तो म्हणाला.

खोलीतल्या सोबत्यांनी चेष्टेचा कळस केला. वयाने मोठे बाळासाहेब तर गंभीर होऊन म्हणाले, "तुळशा, देवधर्म सोडून परक्याच्या चर्चात काय करतलंस? गावात काय सांगू आमी?"

"माझ्या बापाशीन चर्चाची भिंत बांधली. भिंत पडूक नाय आणि बापूस बाटूक नाय," तुळशीदास म्हणाला आणि कपडे घड्या करू लागला.

खरी धास्ती त्याला बायकोची होती. रुपालीवहिनी फोनवर सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "गेल्या खेपेक आपलां न्हाणीघर अर्धां टाकून गेलास. आणि आता लोकांची न्हाणीघरां बघूक जातास?" मग त्याच म्हणाल्या, "जावा. पण नुसते फोटो काढून येव नकात. शिकान येवा."

निघायच्या दिवशी त्याने मला पिशवीच्या तळातून काढलं, चिंच लावून घासलं आणि नवी दोरी बांधली. लेझरचं यंत्र कंपनीचं होतं, ते तिथेच राहिलं. इटलीला मी गेलो.

फ्लॉरेन्सला पहिल्याच सकाळी मला अडवलं. त्या आठ कोनी इमारतीच्या दारात पिशव्या तपासणारा पहारेकरी होता. त्याने मला उचललं, माझ्या टोकाला बोट लावलं आणि मान हलवली. टोकदार वस्तू आत न्यायची नाही. तुळशीदासने हातवारे करून भिंत दाखवली, मला दाखवलं. पहारेकऱ्याने फक्त दाराबाहेर बोट केलं.

तुळशीदास रांगेतून बाहेर आला. मला मुठीत धरून तो चौकात उभा होता. इतक्यात छत्र्या विकणारा एक माणूस जवळ आला आणि हिंदीत म्हणाला, "भाईसाब, ये लटकन बेचने का है क्या?"

त्याचं नाव जहीर. बांगलादेशचा. बोलता बोलता कळलं की तो सहा वर्षं कुवेतमध्ये गवंड्याच्या हाताखाली राबला होता. मला बघून त्याने विकत घ्यायचं नाटक सोडलं आणि मला हातावर तोललं. "असली पीतल है," तो म्हणाला. "आप अंदर जाओ. ये मेरे पास रहेगा."

म्हणून मी आतलं काही पाहिलं नाही. सोनेरी छत, चित्रं, सगळं तुळशीदासने पाहिलं आणि मी तासभर छत्रीच्या दांड्याला लोंबकळलो. त्याचं दुःख आजही आहे. तो बाहेर आला तेव्हा मात्र खुशीत होता. छताच्या दुरुस्तीसाठी आत परांची बांधली होती. बाकीचे प्रवासी त्यामुळे कुरकुरत होते. तुळशीदास जहीरला सांगत होता, "ऊपर आदमी लोग बैठके एक-एक टुकडा साफ करता है. घाई नहीं. कोई चिल्लाता नहीं."

पण कोपऱ्याचं उत्तर तिथे मिळालं नाही. बाहेरच्या कोपऱ्यांशी इतकी गर्दी होती की दोन मिनिटं उभं राहणंही अवघड. जहीर म्हणाला, "परसों मेरी छुट्टी है. छोटे गाँव में चलते हैं. वहाँ कोई नहीं रोकता."

मधल्या दिवशी आम्ही पिसाला गेलो. कलता मनोरा तुम्ही चित्रात पाहिला असेल. शेकडो माणसं हात वर करून मनोऱ्याला टेकू दिल्याचे फोटो काढत होती. तुळशीदास त्यांच्याकडे पाठ करून पलीकडच्या गोल बाप्तिस्मागृहासमोर उभा राहिला. त्याने एक डोळा मिटला आणि मला हातभर पुढे धरलं. वारा थांबला. मी स्थिर झालो.

तेही कललं होतं. अगदी थोडं, सहज न जाणवणारं, पण कललं होतं. तुळशीदासने समाधानाने मान हलवली. जवळून जाणाऱ्या एका प्रवाशाने मला बघून हसत काहीतरी म्हटलं. हसो बापडा. त्या मैदानात खरं काय ते मी सांगत होतो आणि ते कळणारा एक माणूस माझी दोरी धरून उभा होता.

जहीर ज्या गावी घेऊन गेला त्याचं नाव तुळशीदासला शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही. तिथलं बाप्तिस्मागृह लहानसं, आठ कोनांचं, पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांचं. सकाळच्या वेळी समोर दोन म्हातारे आणि कबुतरं. तुळशीदास कोपऱ्याशी गुडघे टेकून बसला आणि पट्ट्यांवरून बोटं फिरवू लागला.

मग तो हसला, एकटाच.

सांधा कोपऱ्यावर नव्हताच. कोपऱ्याचा दगड एकाच तुकड्यातून घडवलेला होता, दोन्ही बाजूंना वळलेला. सांधा वीतभर अलीकडे होता. वरच्या थरात उजवीकडे, खालच्या थरात डावीकडे, म्हणजे थर एकमेकांना धरून राहतात. तुळशीदासने मला वरून सोडलं. इतक्या वर्षांनंतरही कोपरा माझ्या दोरीला लागून उभा होता.

त्याने जाडी मोजली, वहीत आठही कोपरे काढले. एक म्हातारा उठून आला आणि वहीत डोकावला. त्याने आपल्या काठीने पाचवा कोपरा दाखवला. तिथला दगड नंतर कधीतरी बदललेला होता, सांधा बरोबर कोपऱ्यावर आणि कड उडालेली. भाषा एकाचीही दुसऱ्याला येत नव्हती. दोघांनी एकदमच तोंड वाकडं केलं.

जहीर म्हणाला, "ग्यारह साल से इधर हूँ. दीवार को ऐसे कभी नहीं देखा." तुळशीदासने माझी दोरी त्याच्या हातात दिली. जहीरने उरलेले कोपरे स्वतः तपासले.

कुवेतला परतलो तेव्हा दस्मानच्या दिवाणियाचे तीन कोपरे उभे झाले होते, तिरक्या कडा चिकटवून. एका कोपऱ्याची कड शिडीचा धक्का लागून उडालेली. नीरजने तुळशीदासला सांगितलं, "मेस्त्री, तेवढा मसाला भरून घ्या आणि चौथा कोपरा सुरू करा."

"मी भरूचंय नाय," तुळशीदास म्हणाला. त्याने वही उघडून दाखवली. नीरजने ती पाहिलीसुद्धा, पण नकाशा मंजूर झाला होता आणि कामाला आधीच उशीर झाला होता. कंपनीच्या मुदीरांनी, म्हणजे मॅनेजरांनी, तुळशीदासला त्याच दिवशी साइटवरून काढून अम्गराला दगड कापायला पाठवलं. पुन्हा तोंड उघडलंस तर गावचं तिकीट हातात देऊ, असंही सांगितलं.

अम्गराच्या आवारात जाड दगडांचे उरलेले ठोकळे धूळ खात पडले होते. तुळशीदासने तोंड उघडलं नाही. त्याने ते ठोकळे निवडले आणि चार दिवसांत चौथ्या कोपऱ्याचे सगळे थर एकसंध दगडातून कापले. नकाशाप्रमाणे कापलेल्या फरशांच्या जागी त्याने हे दगड गाडीत चढवले, आणि सगळ्यांत वर मला ठेवून स्वतः गाडीत बसला.

नीरज संतापला. "मेस्त्री, हे काय आहे? मला विचारलं का?"

"इचारलंलय. दोनदा." तुळशीदास शांत होता. "बसवून बघा. वायट दिसला तर माझां तिकीट काढा. मी जातंय."

भर दुपारची वेळ होती. दगड बसवायला घेतले आणि नीरजने लेझर लावलं. मित्रांनो, कुवेतच्या उन्हात ती लाल रेघ दिसेचना. नीरजने यंत्र फिरवलं, हाताने सावली धरली. रेघ काही दिसेना. वर वारा सुटला होता. तुळशीदासने माझी दोरी वरून सोडली आणि खाली मला पाण्याच्या बादलीत बुडवलं. पाण्यात वजन हेलकावत नाही, दोरी स्थिर राहते. ही सखाराम मेस्त्रींची युक्ती.

थरावर थर चढत गेला. शेवटचा दगड बसला तेव्हा नीरज बादलीशेजारी उकिडवा बसला. एक डोळा मिटून त्याने दोरीवरून कोपरा पाहिला. मग उठला आणि चौथ्या कोपऱ्यावर मुठीने दोनदा ठोकून बघितलं.

"उरलेले चार असेच," तो म्हणाला. "मुदीरांशी मी बोलतो. नकाशा मी चुकवला, असं सांगतो."

तो खरंच तसं बोलला. अबू फहदनी उडालेली कड असलेला कोपरा मात्र बदलू दिला नाही. पाहुण्यांना फरक दाखवायला तो हवा, असं त्यांचं म्हणणं.

काम संपल्यावर मुदीरांना माझं कौतुक वाटू लागलं. कार्यालयात काचेची पेटी करून मला तिच्यात ठेवावं, खाली माझं वय लिहावं, असा त्यांचा बेत होता. तुळशीदासने नाही म्हटलं. मुदीरांना वाटलं, त्याला मी प्रिय आहे म्हणून तो नाही म्हणतोय. तसं नव्हतं. त्याला पुढच्या आठवड्यात जहरा गावी एक जिना लावायचा होता.

तर मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं तुम्हांला सगळेच सांगतात. मी ते सांगणार नाही. मला पेटीत ठेवू नका, माझ्यासमोर उदबत्ती लावू नका, माझा फोटो काढून 'किती छान' म्हणू नका. माझी दोरी कुजली तर बदला. माझं टोक वाकलं तर सरळ करा. आणि मग मला एखाद्या भिंतीसमोर धरा, ती तुमच्या वडिलांनी बांधलेली असली तरी.