बाबांचं अळू

आमच्या ह्यांना फुकटच्या वस्तूचा भारी सोस. अंबरनाथच्या त्यांच्या कारखान्यात सांडपाणी साफ करताना टाकीच्या तळाशी काळा गाळ बसायचा. तो वाळला की हे गोणीत भरून स्कूटरवरून बेलवलीला घरी आणत आणि न्हाणीमागच्या अळूला घालत. शेणखताच्या तोंडात मारेल असं खत आहे, म्हणायचे. केमिस्ट्री शिकलेला माणूस! पण पानं खरंच सुपाएवढी व्हायची. मी ती गल्लीभर वाटायची आणि वर तोराही मिरवायची.

एकोणनव्वद साली मूत्रपिंडाच्या दुखण्याने हे गेले. स्कूटर विकली, कपडे देऊन टाकले, अळूचं पाणी मात्र तोडलं नाही. लोक फोटोशी बोलतात, मी सकाळी चहा घेऊन मागच्या पायरीवर बसायची आणि अळूशी बोलायची.

दोन वर्षांनी श्रावणात पद्मजाचं पत्र आलं. पहिलटकरीण, सातवा महिना, माहेरी येणार होती. डोहाळे कसले, तर बाबांच्या अळूच्या वड्यांचे. मला कोण आनंद झाला.

त्याच आठवड्यात ह्यांच्या लॅबमधले दिनानाथ सहज भेटायला आले. मी कौतुकाने अळू दाखवलं, गाळाचंही सांगितलं. त्यांचा चेहराच उतरला. पानं आणि माती कागदात बांधून घेऊन गेले, ते चौथ्या दिवशी परत आले. पानांत शिसं निघालं होतं आणि कॅडमियम. मातीचं तर विचारूच नका.

"वहिनी, पोरीला हे देऊ नका," म्हणाले.

ह्यांची मूत्रपिंडं यानेच गेली का, मी विचारलं. ते आता कोणी सांगू शकणार नाही, म्हणाले. संध्याकाळी मी घरोघर जाऊन पानं खाऊ नका म्हणून सांगून आले. अशी मान खाली घालून त्या गल्लीतून मी कधी चालले नव्हते. ह्यांचा इतका राग आला, आणि त्या रागातच इतकी आठवण आली, की कंद उपटायला बसले तर हात चालेना. तसंच उठले.

पद्मजा आली. बाजारातून पानं आणून मी वड्या केल्या. तिने एक खाल्ली.

"आई, ही पानं आपली नाहीत."

आणि सुरी घेऊन ती सरळ मागे पानं कापायला निघाली. मी तिचं मनगट धरलं आणि सगळं सांगितलं. तिने सुरी पायरीवर ठेवली.

"मग अजून ठेवलंस का?"

"तुझ्या बाबांनी लावलंय."

तिने पोटावर हात ठेवला. "आई, बाळ इथेच रांगणार ना गं?"

मग मी खाली बसले. ह्यांच्याच एका जुन्या गोणीत एकेक कंद भरला. दिनानाथ येऊन गोणी आणि खालची मातीही खणून घेऊन गेले, तिथे नवी माती टाकून गेले. पद्मजाने बाजारच्या उरलेल्या वड्या मुकाट्याने संपवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन पायरीवर बसले आणि सवयीने म्हटलं, "अहो, पोरीने वड्या खाल्ल्या हो." समोर नुसती माती होती.