चौथं चेंबर

"लेखी आणा, कानिफनाथ. मी कायद्याने वागणारा माणूस आहे," असं म्हणत सुमंत सर आपल्या पोर्चच्या चकचकीत फरशीवर पाय रोवून उभे राहिले.

कानिफनाथने पहार फाटकाला टेकवली. याच फरशीखाली कॉलनीच्या पावसाळी गटाराचं चौथं चेंबर होतं. सहा वर्षांपूर्वी बिल्डरने गटार टाकलं, तेव्हा गावची पाण्याची लाईन दाखवायला पंचायतीचा शिपाई म्हणून तोच उभा होता. विजेच्या खांबापासून सात पावलं, हे त्याला पाठ होतं. सकाळी त्याने तिसऱ्या चेंबरातून बांबूच्या कामट्या सरकवल्या, त्या वीस फुटांवर अडल्या. पाचवं चेंबर तर कोरडं ठणठणीत. म्हणजे तुंबलं होतं ते इथेच, सरांच्या गाडीखाली.

"सर, गटार तुंबलंय म्हनून चौदा अर्ज तुमीच दिलेत."

"पंधरा," सरांनी दुरुस्ती केली. "अर्ज देणं माझं कर्तव्य आहे. ते झाकण फार गबाळं दिसायचं, म्हणून मी फरशी घातली. ती फोडायची तर आदेश दाखवा."

तोंडात आलेली शिवी कानिफनाथने गिळली. याच सरांनी त्याच्या पोरीला शाळेत शिकवलं होतं.

पंचायतीत ग्रामसेवक मोनिका मॅडम फायलीत डोकं घालून बसल्या होत्या. "आदेश कसा देऊ? कॉलनी आपल्याकडे हस्तांतरितच झालेली नाही. ते गटार आपल्या दप्तरात नाही."

"पन घरपट्टी तर घेतो आपन."

"ती घरांची घेतो. गटाराची नाही."

बिल्डरला फोन केला, तर तो नगरहून ओरडला, "सगळं पंचायतीला देऊन टाकलंय, कागद शोधा!" कागद काही सापडला नाही. रस्त्यावरचे दिवे मात्र पंचायतीने बिनकागदाचे आपले मानले होते, कारण त्यांच्या उद्घाटनाचे फोटो निघाले होते. जमिनीखालच्या पाइपाची फीत कोण कापणार? कानिफनाथचं डोकं सणकलं. तीन दिवस तो सर, मॅडम आणि फोन यांच्यात खेटे घालत राहिला आणि रोज आभाळ थोडं थोडं खाली येत गेलं.

कॉलनीच्या उतारावर, अगदी खालच्या टोकाला, बनुबाईची पिठाची गिरणी होती. नवरा गेल्यापासून बाई एकटीच ती चालवायची. कॉलनी झाल्यापासून दोनदा पाणी आत शिरून मोटर जळाली होती. सोनईच्या मिस्त्रीने दुसऱ्यांदा मोटरीत नवी तार भरून देताना सांगितलं होतं, की हिला आता पुन्हा भरण्यात अर्थ नाही.

"आवंदा पानी आलं तर गिरनी बंद, कानिफा," बाई म्हणाली होती. "पोर बोलावती पुन्याला. पन तिथं चौथ्या मजल्यावर बसून मी करू काय? भिंतीकडं बघू?"

परतीचा पाऊस दुपारी दोनला आला आणि असा आला, की अर्ध्या तासात कॉलनीचा रस्ता ओढा झाला. कानिफनाथ गिरणीवर पोहोचला तेव्हा बनुबाई उंबऱ्याला पोती लावत होती. पाणी पोत्यांखालून आत झिरपत होतं. आत दळणाचे डबे तिने आधीच माळ्यावर चढवले होते. तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. तीन दिवस आपण कागद शोधत बसलो!

तो पहार घेऊन सरांच्या फाटकात शिरला.

"मी पोलिसांना बोलावीन!" सर ओरडले.

"बोलवा सर. पन आदी गाडी मागं घ्या, चिखल उडंल."

आणि सरांनी खरोखरच गाडी मागे घेतली. चार फरश्या फुटल्या. खाली झाकण सिमेंटात जाम झालेलं. ते निघालं तसा कानिफनाथ पालथा पडला, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि ओढून ओढून दगड झालेली सिमेंटची गोणी बाहेर काढली. बांधकामाच्या वेळची होती. पाणी घुसमटलं, मग एकदम खाली गेलं. सर छत्री घेऊन त्या भोकाकडे बघत राहिले.

गिरणीत पाणी मोटरच्या चार बोटं खाली थांबलं.

तिसऱ्या दिवशी पंचायतीत मॅडमनी त्याच्या हातात कागद दिला. खाली सरांचा सोळावा अर्ज जोडलेला होता. 'ग्रामपंचायतीच्या मालकीच्या गटाराचे चेंबर विनापरवाना उघडून खाजगी फरशीचे नुकसान केल्याबद्दल' कानिफनाथने पुढील आदेशापर्यंत कामावर येऊ नये, असं त्यात होतं. त्याने ते दोनदा वाचलं.

"मॅडम, ह्यात गटार ग्रामपंचायतीच्या मालकीचं लिवलंय."

"मग? दुसऱ्याच्या गटारासाठी तुमच्यावर कारवाई कशी करणार?" मॅडम वैतागून म्हणाल्या.

"बराबर हाय. शिक्का तेवढा ठसठशीत मारा."

तिथून तो झेरॉक्सच्या दुकानात गेला आणि मग गिरणीवर. पट्टा फिरत होता, रांगेत पाचसहा डबे होते. बनुबाईने हातावरचं पीठ लुगड्याला पुसलं आणि कागद दोन्ही हातांनी घेतला. तिला वाचता येत नव्हतं.

"काय लिवलंय रं?"

"गटार पंचायतीचं हाय, आसं लिवलंय. जपून ठेव, मावशी. म्होरल्या वर्सी तुंबलं की हाच दाखवायचा. मग न्हाई म्हनता येनार न्हाई कुनाला."

"पन खाली आनखी लई वळी दिसत्यात."

"त्या आपल्या कामाच्या न्हाईत," कानिफनाथ म्हणाला आणि रांगेतला पुढचा डबा उचलून त्याने काट्यावर ठेवला.