रेवणप्पाचा चार्ज

चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्याचा रखवालदार रेवणप्पा भर दुपारी केबिनमध्ये घोरताना सापडला, आणि तोही धाकट्या मालकांना.

"उद्यापासून गेटवर कॅमेरा," अद्वैत म्हणाला. "तुम्ही घरी."

रेवणप्पाला घर आठवलं. घरी बायको होती. तिच्या राज्यात दुपारी पाठ टेकायची सोय नव्हती.

"मालक, डोळा लागला तरी ध्यान गेटवरच हुतं की!"

"गार्ड म्हणजे उभं राहून पहारा. इंग्रजी शब्द आहे तो."

सोबत आलेली अद्वैतची बायको वैदेही फ्रेंच शिकवायची. तिला राहवलं नाही. "आगगाडीचा गार्ड बसूनच जातो, त्याला कोणी घरी बसवलंय? आणि शब्द मूळचा फ्रेंच; तिकडे पोर सांभाळणं, गुपित ठेवणं, आजारात अंथरूण धरणं, सगळ्याला तोच शब्द चालतो."

"अंथरूण धरलं तरी ड्युटीच?" रेवणप्पाला फ्रान्सबद्दल एकदम आपुलकी वाटली. "लई समजूतदार माणसं हो."

"आपण सोलापुरात आहोत," अद्वैत म्हणाला. "चार्ज द्या."

चार्ज देण्याची रीत त्याच्या वडिलांनी, गंगाधररावांनी घातलेली. जाणाऱ्यानं ताब्यातली एकेक वस्तू, कोणाची ते सांगून, सगळ्यांदेखत टेबलावर ठेवायची. थोरले मालक खुर्ची ओढून बसलेच. पाळी सुटलेले कामगारही जमले.

रेवणप्पानं शिट्टी ठेवली, काठी ठेवली. मग केबिनमधली पेटी उघडली.

"ह्यो शिलाईतल्या बजाबाईचा चष्मा. ही सुपरवायझरच्या सासूची कवळी. हे धाकट्या मालकांचं सिगारेटचं पाकीट."

गंगाधररावांनी असं काही पाहिलं, की अद्वैत न ओढताच खोकला.

"आपल्या घराण्यात आजवर..." त्यांनी सुरुवात केली.

"अन् ही थोरल्या मालकांची बालूशाही. ह्या वैनीसाहेबांनी साखर बंद केल्यापासनं हितंच असती."

"बाबा!" वैदेही किंचाळली.

रेवणप्पानं पुन्हा पेटीत हात घातला. वैदेहीचा चेहरा उतरला.

"पुरे झालं," ती घाईघाईनं म्हणाली. "वयस्कर माणसाचा किती छळ करायचा?"

"कॅमेऱ्यात रंग धड येत नाहीत म्हणे," गंगाधरराव म्हणाले.

"बघू पुढच्या वर्षी," अद्वैत पाकिटाकडे न बघता म्हणाला, आणि तिघंही तीन दिशांना गेले.

बजाबाई तेवढी चष्मा लावून मागे राहिली. "रेवणप्पा, वैनीसाहेबांचं काय हाय रं पेटीत?"

रेवणप्पानं कुलूप लावलं, ओढून पाहिलं.

"माझी नोकरी."