तहकुबीची तालीम

नवनिर्वाचित नगरसेवकांना प्रशिक्षण देऊन काही साध्य होते, याचा पुरावा माझ्या पाहण्यात नव्हता. पदार्थविज्ञानाची प्राध्यापकी संपवून मी सभाशास्त्र शिकवू लागलो, तेव्हाही हे मत बदलले नव्हते. तरीही बोरिवलीच्या त्या सभागृहात, लुटुपुटीच्या सभेचा महापौर म्हणून घंटेवर हात ठेवून बसलो असताना, माझी नाडी नेहमीपेक्षा जलद चालत होती.

कारण शेवटच्या रांगेत गटनेत्या रुचिराताई बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी महापालिकेची खरी सभा होती. त्यांच्या पक्षातल्या नवख्यांपैकी एकालाच तीत ठराव मांडता येणार होता आणि तो कोण, हे त्या ही तालीम पाहून ठरवणार होत्या.

मढच्या कोळीवाड्यातून निवडून आलेल्या कल्पिताला ती संधी हवीच होती. गावात मासळी, विशेषतः जवळा, सुकवायला ओटे नव्हते; बायका तो किनाऱ्यावरच पसरत. ओटे पावसाआधी बांधून व्हायचे, तर ठराव उद्याच येणे भाग होते. गोवंडीच्या लहूलाही घाई होती. कचऱ्याच्या गाड्या वस्तीतून न नेता बाहेरच्या रस्त्याने न्याव्यात, असा त्याचा ठराव होता.

लहूचा विषय आधी आला. तो रंगात येऊन म्हणाला, "महापौर महोदय, सकाळी खिडकी उघडली की वासानं थेट मढच्या किनाऱ्यावर गेल्यासारखं वाटतं!"

सभागृह हसले. कल्पिता ताडकन उठली. "हा कोळणींचा अपमान आहे! आणि वासाचं कोण बोलतंय, तर गोवंडीवाले! निषेध म्हणून सभा तहकूब करा!"

क्षणात सगळे हात वर गेले. लहूचाही गेला, इतरांचा उत्साह पाहून त्याला राहवले नसावे. मी घंटा वाजवली. "झकास, कल्पिताताई!" असा गलका झाला, फोटो निघाले. ही सारी मंडळी मोर्चांतून वर आलेली होती. समोरचे काम बंद पाडणे, हीच त्यांना ठाऊक असलेली जिंकण्याची रीत.

मी विचारले, "आता ओट्यांचं काय?"

"त्यांचं काय? माझा विषय यायचाय ना अजून."

"सभा तहकूब झाली, की उरलेले विषय त्या दिवशी घेता येत नाहीत."

ती मटकन खाली बसली. लहूने कपाळावर हात मारला. "म्हणजे माझ्या गाड्यापण गेल्या! तुझ्या रागापायी दोघांची वाट लागली गं!"

"हात वर करताना कळलं नाही तुला?"

रुचिराताई निघायला उठल्या. त्यांनी घड्याळ पाहिले. मी तालीम पुन्हा घेतो म्हटल्यावर मात्र त्या थांबल्या.

चहाच्या टेबलापाशी कल्पिता लहूला गाठून म्हणत होती, "वासाचं बोललास ते गिळते मी. पण माझ्या विषयाला हॉल सोडायचा नाही."

"आणि माझ्या विषयाला?"

"हात वर करीन. दोन्ही करते, हवं तर!"

"एकच कर. दोन्ही केलेस तर सर तुलाच बाहेर काढतील."

सोपी चाचणी उत्तीर्ण होण्यातून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून मी मुलुंडच्या विपुलच्या कानात एक सूचना सांगून ठेवली.

दुसऱ्या फेरीत लहूचा ठराव संमत झाला. कल्पिता उभी राहिली. "महोदय, वाळूवर सुकवलेल्या जवळ्यात वाळू राहते. एकदा दाताखाली कचकच लागली, की गिऱ्हाईक परत येत नाही. आमच्या बायका..."

"सभागृहात पंखे बंद आहेत!" विपुल ओरडला. "निषेध! सभा तहकूब करा!"

पंखे फिरत होते. तरी हात वर जाऊ लागले. त्या खेळाची गोडी सर्वांना लागली होती. कल्पिताचा चेहरा लाल झाला, ओठ उघडले. मी श्वास रोखून पाहत होतो. तिने टेबलाची कड घट्ट धरली आणि ती शांतपणे म्हणाली, "महोदय, मतदान घ्या."

लहू मागे वळून गरजला, "खाली घ्या रे हात! तिचं बोलणं पुरं होऊ द्या!"

काही हात खाली आले, काही घुटमळले. मी दोनदा मोजले. "तहकुबीची सूचना एका मताच्या फरकाने फेटाळण्यात येत आहे," हे वाक्य म्हणताना माझा आवाज चिरकला. बाके वाजू लागली. त्या गजरातच कल्पिताने भाषण पुरे केले आणि ठराव मंजूर झाला.

रुचिराताई उठून पुढे आल्या. "कल्पिता, उद्या तू मांडायचंस. थोडक्यात. अनुमोदन लहू देईल. लहू, गाड्यांचा ठराव पुढच्या सभेत तू मांड, तेव्हा अनुमोदन कल्पिता देईल."

लहूचा चेहरा क्षणभर पडला. मग त्याने खुर्ची ओढून कल्पितासमोर टाकली. "मी मासे खात नाही. उद्या सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचंय मला. जवळा म्हणजे नक्की काय, ते सांग आधी."

"अरे, एवढीशी कोळंबी असते बघ," असे म्हणत तिने करंगळीच्या नखावर अंगठा ठेवला आणि ती भडाभडा सांगू लागली.