मालकाचा पहिला घोट

आमच्या सूनबाईनं ओट्यावरच्या दोरीला दुधाच्या रिकाम्या पिशव्या वाळत घातल्या. धुऊन, उलट्या करून, एकेकीला चिमटा लावून. येणारा-जाणारा थांबून बघायचा. चार एकर द्राक्षाची बाग असलेलं घर, आणि दारात भंगारवाल्याचं दुकान! आठ दिवस मी जीभ आवरली. नवव्या दिवशी सुटली.

"स्नेहल, तुझ्या माहेरी पिशव्यांचं तोरण बांधायची चाल हाय का गं?"

"लागणार आहेत, आई," म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.

बोलणं एवढंच. देवळाली कॅम्पातली पोर, बारावी झालेली. तिला बोलायचा आळस आणि वाचायचा रोग. भजी बांधून आलेला कागदसुद्धा उलगडून वाचते. तव्यावर भाकरी करपली तरी चालेल, अक्षर सुटता कामा नये. मी दुसरीत शाळा सोडली. सहीपुरतं येतं, आणि तेवढ्यावर मी ही बाग उभी ठेवली.

दसरा झाला, छाटणी झाली. छाटणीनंतर काडीच्या डोळ्यांना औषधाची पेस्ट लावतात, म्हणजे सगळे कोंब एकदम फुटतात. औषधात लाल रंग कालवायचा, कुठली काडी झाली ते कळावं म्हणून. मग फडकं बुडवून काडी पुसत जायचं. दोन दिवसांत उरकावं लागतं, म्हणून पेठ तालुक्याकडून टोळी येते. गोटीराम मुकादम आणि त्याची आठ माणसं. उतरतात विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत. वर पत्रा, एका कोपऱ्यात औषधाचे डबे, दुसऱ्यात त्यांचं पीठ-मीठ. लाल हातानंच भाकरी मोडतात. आम्हीही तशीच मोडली. कुणाला काही वाटलं नाही.

त्या खोलीच्या दारावर पाच बोटं उमटलीत. लाल. माझ्या मालकांची. पुंजाराम त्यांचं नाव. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण आता रागवायला आहे कोण? शहाण्णव साली पेस्टीच्या शेवटच्या दिवशी ते दाराला हात टेकून उभे राहिले, आणि मग खाली बसले ते बसलेच. सात पावसाळे झाले, रंग फिकटला, पण गेला नाही. महेशनं दोनदा दार रंगवायला काढलं, दोनदा मी त्याच्या हातातला ब्रश हिसकावला. पेस्टीच्या दिवसांत मी तिकडं बघत नाही. पण पाठ फिरवली की पाच बोटं माझ्या पाठीवर टेकतात. गार नसतात. ऊन असतात.

विहिरीतल्या आसरांनी त्यांना नेलं, असं गाव म्हणतं. मीच सांगितलंय गावाला. दर साली त्या पाण्यातल्या देवींच्या सात दगडांना शेंदूर लावते, सात लिंबं वाहते. तरी बोटं टेकायची ती टेकतातच.

पेस्टीच्या आदल्या दिवशी स्नेहल मोटारीच्या खोलीत डबा मांडीवर घेऊन बसलेली. बारीक अक्षरांवर बोट, आणि ओठ हलतायत.

"काय जप चाललाय?"

तिनं वर बघितलं. तोंडावर रंग नव्हता. म्हणाली, "आई, आबा गेले तेव्हा काय काय झालं होतं?"

"मेलेल्या माणसाला उकरू नये. ऊठ, दळण पडलंय."

ती उठली. जाताना तिनं दारावरच्या बोटांकडं बघितलं. मग माझ्याकडं. मला ते बघणं आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी पिशव्यांचा उलगडा झाला. ती बागेच्या तोंडाशी उभी राहिली आणि एकेकाच्या हाताला पिशवी चढवून मनगटाला सुतळी बांधायला लागली.

गोटीराम हसला. "आक्का, तुमच्या सूनबाईला आमी म्हशी वाटलो का काय? दूध काढती वाटतं!"

"म्हशी बऱ्या, मुकादम," मी म्हणाले. "म्हशी बांधून घेताना बडबडत नाय."

टोळी हसली, पण हात पुढं केले. महेशनं नाही केले. माझा लेक अंबडला कंपनीत जातो. तिथं हातमोज्याशिवाय मशीनला हात लावू देत नाहीत. घरच्या बागेत मात्र म्हणाला, "मी काय दूधवाला हाय?" आणि कोपरापर्यंत लाल झाला.

आता आमच्याकडं एक चाल आहे. छाटणीच्या वेळचं सगळं काम उरकलं की मालकानं टोळीला बाटली द्यायची, आणि पहिला घोट मालकानं घ्यायचा. त्यानं तोंड लावलं नाही तर टोळी पेल्याला शिवत नाही. अपमान समजते. पुढच्या साली दुसऱ्याच्या बागेत जाते. मालक गेल्यापासून सात वर्षं आमच्याकडं बाटली फुटली नव्हती. या साली महेशचं लग्न झालं, तो कर्ता झाला. गोटीरामच म्हणाला, "बारके मालक, यंदा चाल परत सुरू करा."

पेस्टीचा दुसरा दिवस कलताना काम उरकलं आणि सगळे खोलीपुढं गोल करून बसले. महेशनं पेला भरला, उचलला.

"ठेवा तो खाली," स्नेहल म्हणाली.

महेशचं तोंड उतरलं. "घरात जा. माणसांत बाईनं बोलू नये."

"डब्यावर लिहिलंय. औषध अंगाला लागलं तर दारू घ्यायची नाही. आज नाही, उद्याही नाही. घेतली तर तोंड लाल होतं, छाती धडधडते, श्वास कोंडतो. माणूस जातो."

या पोरीला मी यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. मालकांचं तोंड शेंदरासारखं झालं होतं. छातीवर हात ठेवला तर आत उखळात मुसळ चालल्यासारखं. बाटलीची चाल जुनी. औषध त्या साली पहिल्यांदाच आलं होतं.

"आई, सांग हिला," महेश म्हणाला. "आबांना आसरांनी नेलं."

पेला त्याच्या ओठाशी. मी उठले, पेला काढून घेतला आणि मातीत ओतला.

"गोटीराम, त्या दिवशी तू हितंच बसला व्हतास. मालक काय म्हनले व्हते?"

त्यानं मान खाली घातली. "म्हनले, आज नको, डोकं गरगरतंय."

"आन मी?"

"जाऊ द्या ना, आक्का."

"बोल!"

"तुमी म्हनला... टोळीपुढं नाक कापू नका. घोटभर तरी घ्या."

महेश माझ्याकडं बघत राहिला. मी थांबले नाही. "दुसऱ्याचा पेला भरेस्तोवर त्यांचं तोंड लाल झालं. जीपमदीच गेले. दवाखान्यात डॉक्टरनं इचारलं, किती प्याले? गाव दारुडा म्हनंल, म्हनून घरी येताच मी आरोळी ठोकली, आसरांनी नेला! झाकली मूठ सव्वा लाखाची. आसरा बिचाऱ्या कुनाला सांगनार?"

गोटीराम हळूच म्हणाला, "आक्का, माझा धाकटा भाऊ मंगळू. दुसऱ्या साली, वरच्या गावच्या बागेत. पेस्ट झाली, बाटली झाली, आन तसाच लाल झाला. आमी त्याला दवाखान्यात नाय नेला."

"मग?"

"तुमी म्हनला व्हतात ना, आसरा. आमी विहिरीवर कोंबडं कापलं. कोंबड्याआधी तो गेला."

एवढं बोलून त्यानं हाताच्या पिशवीची सुतळी सोडायला घेतली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. दारावर पाच बोटं होती. आता मला दिसायला लागलं, त्यांच्याशेजारी मंगळूचाही हात आहे, आणि त्याचा रंग कुठंच उमटलेला नाही.

मी खोलीत गेले. डबा उचलून आणला आणि सुनेपुढं आदळला. ती मागं सरली. तिला वाटलं, मी मारते.

"स्नेहल, तुझं काय चुकलं सांगू? तू सात वर्सं उशिरा आलीस. आन वाचतीस त्ये तोंडातल्या तोंडात. माझ्या घरात ह्ये चालायचं नाय. बस हितं. पहिल्या अक्षरापासनं वाच, आन विहिरीच्या तळाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वाच."